धोत्र्याची धुरी

माझ्या छातीत लहानपणापासून मांजर आहे. आई असंच म्हणायची. पावसाळी हवा झाली की ते घुरघुरायला लागतं, थंडीत नखं काढतं आणि धुरात तर अंगावरच येतं. असा माणूस स्वयंपाकी कशाला झाला, हे पुण्यात अनेकांनी विचारलं असतं. पण मला दमा आहे हे मी कोणाला कळूच दिलं नाही, त्यामुळे कोणी विचारलं नाही. उत्तर साधं होतं. वेद म्हणायला लागतो तेवढा श्वास माझ्यापाशी नव्हता. कोकणातून आलेल्या अशा अर्धवट ब्राह्मणाला पुण्यात दोनच कामं मिळत, पाणी भरायचं नाहीतर अन्न रांधायचं. भरली घागर घेऊन दहा पावलं चाललो की जीव गळ्याशी येई. चुलीपुढे निदान बसता तरी येतं.

पहिल्या घरी मी चार महिने टिकलो. एकदा पंगतीत वाढताना उबळ आली आणि ती काही केल्या आवरेना. यजमानीणबाईंनी एवढंच विचारलं, "किती दिवसांचा आहे हा खोकला?" संध्याकाळी माझं गाठोडं ओसरीवर आणून ठेवलेलं होतं. त्यांना क्षयाचा संशय आला होता. मला क्षय नाही, दमा आहे, असं मी सांगून पाहिलं. पण क्षय आणि दमा यांतला फरक ऐकत बसायला कोणाला सवड होती? क्षयी माणसाच्या हातचं पुण्यात कोणी खात नसे, आणि जो खोकतो तो क्षयी, हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलेलं होतं.

दुसरं घर मिळालं ते बुधवार पेठेत. यजमान सरदार, दरबारात उठबस असलेले. घरची, पाहुण्यांची, कारकुनांची मिळून रोज तीस-चाळीस पानं व्हायची. नारायण पेठेतल्या खोलीत माझी बायको आणि दोन मुली माझ्यावर अवलंबून होत्या. हे घर गेलं तर तिसरं मिळणार नव्हतं, कारण आचाऱ्यांच्या खोकल्याची बातमी पुण्यात फार लवकर पसरते. तेव्हा मी मनाशी ठरवलं, या घरात माझ्या छातीबद्दल कोणाला ताकास तूर लागू द्यायची नाही.

त्यासाठी मी एक युक्ती काढली. छाती भरून आली, आता उबळ येणार असं वाटलं, की तापल्या तेलात दोन सुक्या मिरच्या जास्तीच्या सोडायच्या. असा झणझणीत धूर उठे की मुदपाकखान्यापासून देवघरापर्यंत सगळं घर खोकायला लागे. त्या गर्दीत माझाही खोकला निघून जाई. हळूहळू माझी आमटी तिखट म्हणून नावाजली गेली. "कोकणातले असून हात देशावरचा आहे तुमचा," असं एक पाहुणे म्हणाले, तेव्हा मी नम्रपणे मान खाली घातली. खरं म्हणजे त्या वेळी मला वर बघण्याइतकंही बरं वाटत नव्हतं.

घराच्या किल्ल्या यजमानांच्या आत्यांच्या कमरेला असत. सगळं घर त्यांना आत्याबाई म्हणे. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आलेल्या, साठीच्या पुढच्या, विधवेच्या तांबड्या आलवणातल्या, कमरेत जराशा वाकलेल्या. त्यांचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदरच वाटे, कारण माझाही कोणावर नव्हता. मी यायच्या आधीच्या वर्षी कोठीतलं तूप कमी होतंय असा त्यांना संशय आला, तेव्हा त्या दोन दिवस तापाचं सोंग घेऊन माजघरात कण्हत पडून राहिल्या. वैद्यसुद्धा फसले. तिसऱ्या दिवशी कोठीवाला निर्धास्तपणे तुपाचा गडू उचलून निघाला, तेव्हा दारात आत्याबाई उभ्या. ही हकीकत घरातला प्रत्येक नोकर नव्या नोकराला पहिल्याच दिवशी सांगे. मलाही सांगितली गेली. मी ती विसरलो नाही.

त्या वर्षी दरबारात काहीतरी बिनसलं. काय बिनसलं ते मोठ्यांना ठाऊक. स्वयंपाकघरापर्यंत फक्त विष हा शब्द येऊन पोचला. कोणा सरदाराच्या घरी कोणी पानावरून उठताना कोसळलं म्हणे. कोणी म्हणे हृदय बंद पडलं, कोणी म्हणे शिऱ्यात काही होतं. दुसऱ्या दिवसापासून पुण्यातल्या प्रत्येक बड्या घरात आचाऱ्याकडे नव्या नजरेनं बघायला सुरुवात झाली. कालपर्यंत माझ्या मिठाकडे लक्ष देणारे लोक आता माझ्या हातांकडे बघू लागले.

सोवळ्यातल्या स्वयंपाकात चव बघायची नसते. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय मिठाचा कणही आचाऱ्याच्या जिभेवर पडता कामा नये. त्यामुळे रांधता रांधता आधी मला खायला लावायची सोय नव्हती. आत्याबाईंनी त्यातून वाट काढली. देवापुढचं ताट उचललं की ते रोज मी खायचं, त्यांच्यासमोर बसून, प्रत्येक पदार्थ. मग दोन घटका तिथंच बसायचं. मी बसलेलाच राहिलो तर पानं वाढायची. म्हणजे देव आधी जेवायचे, पण त्यांना काही झालं नाही एवढ्यावर कोणी विसंबायला तयार नव्हतं. पंगतीला सगळं गार मिळे. कोणी तक्रार केली नाही.

आता माझी अडचण बघा. विष चढलेला माणूस कसा दिसतो? त्याला घाम फुटतो, ओठ निळे पडतात, छातीचा भाता होतो, बोलायला जावं तर शब्द फुटत नाही. दमा उसळला की मी नेमका तसाच दिसतो. त्या दोन घटकांत मला धाप लागली असती तर घरानं अन्न फेकून दिलं असतं आणि मला बेड्या घालून नेलं असतं. आणि हा विषाचा नव्हे, जन्माचा रोग आहे असं पटवून देण्याइतका वारा माझ्यापाशी उरला नसता.

सगळी सकाळ चुलीच्या धुरात काढून मी त्यांच्यासमोर बसे. आत्याबाई भिंतीला टेकून जपाची माळ ओढत आणि माझ्याकडे बघत. मी ओठ बारीक करून हळूहळू श्वास सोडत असे. त्यानं जरा बरं वाटतं.

"ओठ असे का करतोस?" एकदा त्यांनी विचारलं.

"आमटी तिखट झाली आज, आत्याबाई."

"रोजच होते," त्या म्हणाल्या आणि पुढचा मणी ओढला.

त्यानंतर मात्र मला भीती वाटायला लागली. नारायण पेठेत आमच्या खोलीपासून चार घरं सोडून एक म्हातारे वैद्य राहत. नाइलाजानं त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पाठीला कान लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "क्षय नाही. दमा आहे. पक्का मुरलेला." इतक्या वर्षांत हे दुसऱ्या कोणाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मला रडूच आलं.

त्यांनी वाळलेल्या पानांची एक पुडी दिली. "धोत्र्याचं पान आहे. बी नव्हे, पान. बी पोटात गेलं तर माणूस भ्रमिष्ट होतो, जास्त गेलं तर उठत नाही. हे पान निखाऱ्यावर टाकायचं आणि धुरी ओढायची. चार श्वास. पाचवा नाही." मग त्यांनी विचारलं, "काम कुठं करता?"

"एका पागेत," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हाताचा वास घेतला. "घोड्यांना हिंग घालतात वाटतं हल्ली," ते म्हणाले. पुढे त्यांनी काही विचारलं नाही. पण घरी येईपर्यंत माझ्या मनात पाल चुकचुकत राहिली. हे वैद्य आमच्या यजमानांकडे जात-येत असतील तर?

धुरीनं गुण आला. असा गुण की मला वाटलं, मी इतकी वर्षं अर्ध्याच नाकपुडीनं जगत होतो. खापरीत निखारा घ्यायचा, त्यावर पान चुरायचं, पंचा डोक्यावरून घ्यायचा आणि चार श्वास ओढायचे. थोड्या वेळात छातीची गाठ सुटे. तोंडाला कोरड पडे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होत आणि जवळचं नीट दिसेनासं होई. त्या दिवसांत भातात खडे निघायला लागले. पण माझा श्वास चालायचा, आणि ताटावर बसलो तरी कोणाला शंका येत नव्हती.

फक्त एक गोष्ट होती. ज्या घरात सगळे विषाच्या भीतीनं अर्धमेले झाले होते, त्या घरचा आचारी कमरेला धोत्रा बांधून फिरत होता. रस्त्यात वाटसरूंना धोत्रा चारून लुटतात, हे पुण्यात लहान पोरालाही माहीत होतं. त्यामुळे पान आणि बी यांतला फरक मला सांगायला मिळण्याआधीच मला हत्तीच्या पायी दिलं असतं. मी पानं सुपारीच्या चंचीत ठेवली. एका कप्प्यात सुपारी, दुसऱ्यात पानं, आणि चंची अंघोळीची वेळ सोडली तर सदैव कमरेला. धुरी मी लाकडांच्या खोलीत घेई, पहाटे, चुली पेटवण्याच्या निमित्तानं. तिथं धूर असला तर कोणी चौकशी करायचं कारण नव्हतं.

चौकशी केली ती पाणक्यानं. हौदावरून घागरी आणून रांजण भरणारा हा ब्राह्मण फारसा बोलत नसे, आणि फारसं न बोलणाऱ्यांचा मला आधीच संशय येतो. एकदा म्हणाला, "लाकडांच्या खोलीत कसला वास येतो हो सकाळी?"

"ओल्या लाकडाचा."

वारज्याहून मोळ्या घेऊन येणारी कुणबीण तिथंच मोळी उतरवत होती. तिनं कमरेवर हात ठेवले. "वल्ली कुठली? कोरडी ठणठणीत लाकडं हायती. वल्ली आनली आसती तर तुमी घेतली आसती व्हय?"

पाणक्या माझ्याकडे बघत राहिला. त्या दिवशी दुपारी त्यानं माझ्याकडे सुपारी मागितली. आजवर कधी मागितली नव्हती. मी चंची पुढे न करता एक खांड काढून त्याच्या हातावर ठेवलं आणि माझी खात्री झाली, की याला आत्याबाईंनी माझ्यावर नेमला आहे. त्यानंतर दोन महिने मी त्याला आमटीचं वरचं पाणी वाढत होतो. बिचारा मुकाट्यानं पीत होता. तेही मला संशयास्पदच वाटे.

दसऱ्याला यजमान शिबंदी घेऊन मोहिमेवर गेले. घर रिकामं झालं, पानं दहा-बारांवर आली. मला वाटलं, आता ताटावर बसणं बंद होईल. ज्याला विष घालायचं तोच घरी नाही. पण दुसऱ्या दिवशी नैवेद्य झाल्यावर आत्याबाईंनी माझ्यासाठी पाट मांडलेलाच होता. त्या नेहमीसारख्या भिंतीला टेकून बसल्या. म्हणजे हे यजमानांसाठी नव्हतंच. हे माझ्यासाठी होतं.

कार्तिकात थंडी पडली. एका दुपारी असाच बसलेला असताना मला छातीतली शीळ ऐकू आली. बारीक, श्वास सोडताना लांबणारी. सकाळी धुरी घेऊनही ही परत कशी? मी घाबरून श्वास रोखून धरला. शीळ थांबेना.

ती आत्याबाईंच्या छातीतून येत होती.

त्या माळ ओढत होत्या, पण खांदे वर-खाली होत होते. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. दुसऱ्या कोणाला त्या क्षणी दया आली असती. मला कोठीवाला आठवला. ही बाई माझी नक्कल करते आहे, असं माझ्या मनानं ठरवून टाकलं. इतके महिने समोर बसून माझा श्वास ऐकला, शिकून घेतला, आणि आता सोंग काढून बघते आहे की मी काय करतो.

त्यानंतर चार-पाच दिवस ती शीळ वाढत गेली. घरचे वैद्य अडुळशाचा काढा देऊन गेले. त्यानं काही होत नाही, हे मी त्यांना सांगू शकलो असतो. धोत्र्याचं नाव त्यांनी काढलं नाही. त्या वर्षी सरदाराच्या घरात ते नाव काढायची कोणत्या वैद्याची हिंमत होती?

एका सकाळी आत्याबाई काठी टेकत मुदपाकखान्याच्या उंबऱ्याशी आल्या. दोन वाक्यांच्या मध्ये त्यांना थांबावं लागत होतं.

"तुला दमा आहे ना?"

"छे. मला कसला दमा, आत्याबाई?"

"मला झोप नाही. आडवं होता येत नाही." त्या थांबल्या. "तुझ्या चंचीतलं मला थोडं दे."

यजमानांच्या मागे घर सांभाळणारे कारभारी चौकात कोणाशी तरी बोलत उभे होते. त्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. मी हो म्हणायचं आणि कारभाऱ्यांनी आत येऊन मला धरायचं, एवढंच बाकी आहे, असं मला वाटलं. मी चंची उघडली, डावा कप्पा, आणि सुपारीचं खांड काढून त्यांच्यापुढे धरलं.

"सुपारीच आहे, आत्याबाई. चालेल?"

त्यांनी सुपारीकडे पाहिलं, मग चंचीकडे. रागावल्या नाहीत.

"नको," त्या म्हणाल्या. "मला दात नाहीत."

आणि काठी टेकत परत गेल्या. मी चुलीपुढे बसलो आणि माझ्या हुशारीवर खूश झालो. हे मी आज लिहितो आहे, कारण तेव्हा तसंच झालं होतं. कारभारी बोलणं संपवून निघून गेले. कोणीही आत आलं नाही. तरीसुद्धा मला वाटलं, मी वाचलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला गरम पाणी घेऊन माजघरात बोलावलं. आत्याबाई अंथरुणावर उकिडव्या बसल्या होत्या. दोन्ही तळवे गुडघ्यांवर, कोपरं ताठ, मान पुढे, गळ्याशी प्रत्येक श्वासाला खड्डा. मी आयुष्यभर ज्या रीतीनं बसत आलो त्याच रीतीनं त्या बसल्या होत्या. ती बैठक कोणी कोणाला शिकवू शकत नाही. जीव वाचवण्यासाठी शरीर ती आपोआप घेतं. आणि त्यांचे ओठ निळे होते. तापाचं सोंग आणता येतं. ओठांचा रंग आणता येत नाही.

म्हणजे मला कळलं होतं. मी नंतर पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलं, की कळलं नव्हतं, पण ते खरं नाही. दारातून आत जाताजाताच मला कळलं होतं.

घरातल्या सुना भोवती होत्या. कारभारी उंबऱ्यात उभे होते. कोपऱ्यात शेक द्यायला आणलेली शेगडी होती, तिच्यात फुललेले निखारे होते. पान माझ्या कमरेला होतं. चार श्वास. पण या सगळ्यांसमोर मी धोत्रा काढला, आणि म्हातारी तरीही गेली, तर? तिचं वय झालेलं, रोग पुढे गेलेला. मग आचाऱ्यानं आत्याबाईंना धोत्रा दिला आणि त्या गेल्या, एवढंच उरणार होतं. मला माझ्या मुली दिसल्या. मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

आत्याबाईंना बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्या कमरेकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. मी नमस्कार केला आणि स्वयंपाकघरात परत आलो. दिवेलागणीच्या आधी त्या गेल्या.

अकराव्या दिवशी यजमान छावणीतून येऊन पोचले. तेराव्याचा स्वयंपाक मीच केला. आत्याबाईंना आवडायचं ते सगळं केलं, मिरची बेताची घातली. ब्राह्मण जेवून उठल्यावर यजमान स्वतः मुदपाकखान्याशी आले. मी उठून उभा राहिलो. माझी छाती वाजत होती. त्या दिवशी मी धुरी घेतली नव्हती. पुडीला हात लावायला मन होत नव्हतं.

"बसा, बसा," ते म्हणाले. "तुमचा दमा आज फारच उसळलेला दिसतो आहे."

मी चुलीपुढे खाली बसलो.

"आत्याबाईंनी दसऱ्याला मी निघताना सांगितलं होतं. म्हणाल्या, आपल्या आचाऱ्याला दमा आहे, तो लपवतो. त्याच्या चंचीत धोत्र्याचं पान असतं, ते त्याचं औषध आहे, त्यावरून त्याला कोणी छळायचं नाही. कारभाऱ्यांनाही बजावून ठेवलं होतं त्यांनी." त्यांनी चुलीकडे पाहिलं. "त्यांना स्वतःलाही तेव्हा धाप लागायला लागली होती. मी म्हटलं, मग तुम्हीही घ्या ना त्याच्याकडून थोडं. तर नुसत्या हसल्या."

मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. त्या कारभाऱ्यांच्या धाकानंच मी सुपारी पुढे केली होती आणि निखाऱ्यांशेजारी पाणी ठेवून परत आलो होतो.

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत काही नव्हतं, फक्त थकवा होता.

"कधी मागितलं होतं का हो त्यांनी तुमच्याकडे?"

"नाही," मी म्हणालो.

"नसणारच," ते म्हणाले. "कोणापुढे हात पसरायचा स्वभावच नव्हता त्यांचा." आणि उपरण्यानं डोळे पुसत ते बाहेर गेले.